अंदाजावर चाललेला संसार

यजमानांना ठेवलं होतं त्या बुलढाण्याच्या दवाखान्यातून मुलाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. तो "आई" म्हणाला आणि थांबला... मला कळलं. आमच्या घरात महत्त्वाचं कधी कोणी तोंडानं बोललेलं नाही, मग हेच तरी कशाला बोलावं!

माझे यजमान वसंतराव अमडापूरचे, शेतकऱ्याच्या घरातले. पण तरुणपणी मुंबईला अणुभट्टीवर कामाला होते. आपल्याकडे न्यूट्रॉनचे प्रयोग तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. मी नवी नवरी, आणि हे जेवताना मला तेच सांगत बसायचे. अणूच्या गाभ्यात डोकावून बघता येत नाही, म्हणून त्याच्यावर न्यूट्रॉन सोडायचे. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, त्यामुळे त्याला लांबून कोणी अडवत नाही. तो आपटून कुठल्या कोनात उडाला ते मोजायचं आणि आतलं बळ कसलं असेल ते त्यावरून ताडायचं. ते बळ म्हणे भलतंच जबरदस्त, पण अगदी खेटून गेल्याशिवाय जाणवतच नाही. जरा सरकलं की संपलं. मी मान डोलवायची आणि भात वाढायची.

एक दिवस प्रयोग अर्धा टाकून हे मला घेऊन गावी आले आणि चिखलीला कॉलेजात शिकवू लागले. मला वाटलं, ह्यांना शेताची ओढ असेल. विहिरीचं पाणी, चूल, सासूबाईंचा धाक... जीव मेटाकुटीला आला. चिडचिड पुष्कळ केली, पण परत चला असं काही म्हटलं नाही. त्यांना इथंच बरं वाटतंय तर वाटू दे, म्हणून गप्प राहिले.

हे गेले त्याच्या आदल्या दुपारी मी दवाखान्यात त्यांच्याजवळ बसले होते. मधेच म्हणाले, "तो प्रयोग पुरा कराले पाह्यजे होता."

"मंग काऊन सोडला?"

"तुह्यासाठी. रोज सांजच्याले गॅलरीत उभी राहे तू, तोंड पाडून. मी समजलो, हिले गावची याद येते."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना. "अहो, मी तुमची बस पाहे!"

मग "इचारलं असतं तर..." एवढं म्हणाले आणि थकून डोळे मिटले. मला इतका राग आला होता, तो काढायचाही राहून गेला.

आता मुलगा-सून खूप करतात, नाही असं नाही. पण हे होते तेव्हा मी नुसतं कोनाड्याकडे पाहिलं की चष्मा हातात यायचा, कूस बदलली की अंगावर पांघरूण. एवढ्यापुरता त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. सांगायची सवयच मला लागली नाही. आता दुपारी झोपून उठले की सून दारात उभी राहते. बिचारी मनापासून विचारते, "आई, काय पाह्यजे तुमाले?"

घोटभर चहा हवा असतो. मी म्हणते, "काही नाही, बाई."