पहिली केस, सहावी केस
काळ्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास आला की बातमीदार म्हणून दिल्लीच्या कोर्टात घालवलेली एक थंड सकाळ आठवते. मोबाइलचोरीच्या आरोपीला वकील परवडत नव्हता, म्हणून सरकारी खर्चाने एक तरुण वकीलबाई दिल्या होत्या. त्यांची ही पहिली केस, त्याची सहावी. जामीन मागायच्या वेळी त्या गप्पच झाल्या. “मॅडम, बूढ़ी मां बोलिए,” तो मागून कुजबुजला. त्यांनी आई सांगितली. “मां तो पिछली बार गुज़र गई थी,” फाइल चाळत न्यायाधीश म्हणाले. जामीन फेटाळला गेला आणि चेहरा पडला तो वकीलबाईंचा. जेलच्या गाडीत चढताना तो म्हणाला, “दिल छोटा मत कीजिए, मॅडम. पहली बार ऐसा ही होता है.” आरोपीला मोफत मदत मिळाली, एवढंच मी बातमीत लिहिलं. वकीलबाईंना मिळालेली राहून गेली, ती आज नोंदवतो.