बिनतोफेचा रणगाडा

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडं एक डबी असतेच. घड्याळ जुळवून झालं, चालायलाही लागलं, तरी टेबलावर एखादा स्क्रू उरतो. तो कुठला ते आठवत नाही आणि फेकवतही नाही, मग तो डबीत जातो. माझ्या गिऱ्हाइकांनी हे वाचलं नाही असं समजावं! आमच्या मंडळाचे किस्से असेच साठलेत. त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, पण डबी हलवली की वाजतात.

मंडळ म्हणजे चार माणसं. पूर्णा स्टेशनजवळ माझं दुकान. आठवडी सुट्टीच्या दिवशी अर्धं शटर ओढून आम्ही तिथं प्लॅस्टिकचे रणगाडे जुळवायचो. 'खेळणी' म्हटलं की दाताचे डॉक्टर सोनपेठकर चिडायचे. "मॉडेल म्हणा, मॉडेल!" दुसरे युसुफभाई. त्यांचं कटलरीचं दुकान होतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुबईत नोकरीला असलेला मेहुणा होता. तिसरे हवालदार साळवे, पलटणीतून पेन्शनवर आलेले, गावात पिठाची गिरणी चालवणारे. चौथा मी. चिमटे, भिंग आणि बारीक कानशी माझ्याकडं होत्या, म्हणून मला घेतलं होतं.

रेझिन कन्व्हर्जन सेट म्हणजे काय, ते आधी सांगतो. खोक्यात येतो तो एकच साधा रणगाडा. पण खऱ्या सैन्यात त्याच रणगाड्याचे चार-पाच अवतार असतात. कुणावर तोफेचा वेगळा फिरता बुरूज, कुणावर घडीचा पूल. ते करायला वरचे भाग रेझिन नावाचा पदार्थ साच्यात ओतून केलेले, तयार मिळतात. खालचा गाडा आपला, वरचा भाग त्यांचा. युसुफभाई याला रणगाड्याचं नामांतर म्हणायचे. त्या काळात आमच्या मराठवाड्यात हा शब्द जपूनच उच्चारायचा असे, म्हणून तेही हळू आवाजात म्हणायचे.

*

पहिला सेट डॉक्टरांनी घाईत आणला. कुठल्याशा कॉन्फरन्सला हैदराबादला गेले होते. तिथं एका शौकिनाकडं रेझिनचा बुरूज पडून होता, तो उचलला. आमचा रणगाडा खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा. बुरूज कितव्या हिश्शाचा, हे विचारायचं राहून गेलं.

दुकानात आणून बुरूज वर ठेवला, तर खाली रणगाडा दिसेना! लेकराच्या डोक्यावर आजोबाचा पटका बांधावा तसं झालं.

डॉक्टर म्हणाले, "थोडा घासला की बसेल."

हवालदारांनी बुरूज हातात घेऊन सगळीकडून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "डाक्टर, माणसाला दात बसवताना बी असंच करता का?"

*

पुढच्या ईदला युसुफभाईंचा मेहुणा येणार होता. पण त्याच्या बहिणीच्या फर्माइशीच इतक्या होत्या, की मॉडेलचा एकच डबा बॅगेत बसणार होता. "एकच आएगा, सोच लो," युसुफभाईंनी सांगून टाकलं. आमच्याकडं सेंच्युरियन रणगाड्याचा कोरा खोका होता, त्याच्यासाठीच सेट मागवायचा होता. मेहुण्यानं आधीच पाठवलेला कॅटलॉग टेबलावर पसरला. त्यात आमच्या कामाचे दोनच सेट निघाले.

एक होता नवा बुरूज आणि लांबलचक तोफ. दुसऱ्यात तोफच नव्हती. बुरूज काढून तिथं एक मोठी लोखंडी पेटी, पेटीत वायररोप ओढायचं यंत्र, मागं जमिनीत रोवायचं फावड्यासारखं पातं आणि हुक. रुतलेले, बिघडलेले रणगाडे ओढून काढायचा तो गाडा.

डॉक्टरांनी तोफेवर बोट ठेवलं. हवालदारांनी पेटीवर ठेवलं, आणि त्यांचं बोट काही उचलेना.

"ह्यो माझा," ते म्हणाले. "एकाहत्तरला मी ह्याच्यात होतो."

"तोफ नसलेला रणगाडा लोकांना काय दाखवणार?" डॉक्टर म्हणाले.

तेव्हा कळलं, की दाखवायचंच होतं. लढाईहून आल्यावर हवालदारांनी गावात सांगितलं होतं, मी रणगाड्यावर होतो, पण माझ्या रणगाड्याला तोफ नव्हती. फोटो काढायला तिथं कोण देतंय? पारावरच्या मंडळींनी तेव्हापासून त्यांचं नाव 'बिनतोफेचा हवालदार' पाडलेलं.

"गाव हसतंय त्याचं काय न्हाई," हवालदार म्हणाले. "पर गाव हसलं की आमचे वडील, आबा, उठून जात्यात. एक दिस बी मला इचारलं न्हाई, खरं का खोटं. आता त्यांचे डोळे गेलेत. हातानं तरी बघू द्या त्यांना."

मी हवालदारांच्या बाजूचा झालो. तो सेट म्हणजे एक मोठी पेटी आणि थोडे सुटे भाग, नवशिक्यांना झेपेल असा, हेही मी सांगितलं. पण डॉक्टर ऐकेनात. युसुफभाई म्हणाले, "मैं दोनों तरफ. मेरे को दुकान चलानी है."

*

नामांतरावरून बंद होता. सगळा बाजार कडकडीत बंद. स्टेशन रोडवर पोलीस फिरत होते. आमचं अर्धं शटर त्या दिवशी पूर्ण खाली होतं आणि आत भांडण रंगात आलं होतं.

"तोफच नसेल तर उपयोग काय?" डॉक्टरांचा आवाज चढलेला.

"दुबईसे एकच नग आता, चिल्लाव नक्को!" युसुफभाई म्हणाले.

खडाड्‌कन शटर वर गेलं. दारात हवालदार नव्हे, खराखुरा पोलीस, काठीसकट!

"कोणची तोफ? दुबईहून कोण आणायलाय?"

एक दाताचा डॉक्टर, एक मुसलमान, एक बौद्ध, एक घड्याळवाला, असे चौघं बंदच्या दिवशी शटर ओढून बसलेले. काय सांगणार? मी अर्धा जुळवलेला एक रणगाडा पुढं सरकवला.

पोलिसानं काठी भिंतीला टेकवली. स्टूल ओढून बसला. रणगाडा भिंगाखाली धरून पाहिला. "लय बारीक काम हाय," म्हणाला. डॉक्टरांना राहवेना, त्यांनी तिथल्या तिथं सगळा वाद त्याच्यापुढं मांडला. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "तोफ असू द्या, साहेब. बिनतोफेचा बरा दिसत न्हाई." मग उठला आणि बाहेरून शटर आपल्याच हातानं नीट खाली ओढून गेला.

डॉक्टरांनी ते मत लगेच आपल्या खात्यात टाकलं. "आणि हे तर सरकारी मत आहे!"

*

मग डॉक्टरांनीच तोड काढली. तोफेचा सेट मागवायचा आणि पेटी आपण घरी ओतायची. "कवळ्या करायचं रेझिन माझ्याकडं पडलंय की! दुबई कशाला?"

लाकडाची पेटी कोरून मी दिली. डॉक्टरांनी प्लॅस्टरचा साचा केला, रेझिन भरलं आणि ते शिजायला ठेवलं. जबडा आणि रणगाडा यात जाडीचा फरक असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पेटी निघाली ती सगळी फुगे धरून, जाळीदार, आणि हिरडीसारखी गुलाबी!

हवालदारांनी ती तळहातावर ठेवली. दोन दिवस आशेवर होते बिचारे, मला त्यांचं वाईट वाटलं. पण तोंडात आलेलं ते कधी गिळायचे नाहीत.

"डाक्टर, ह्येला राती पाण्याच्या वाटीत काढून ठेवायचं का?"

*

निकाल शेवटी ओढ्यात लागला.

हवालदारांच्या गावाकडं दातांचं शिबिर होतं. डॉक्टर आपली फियाट घेऊन गेले, सोबत मी. आदल्या दिवशी पाऊस झालेला. तिकडची काळी माती ओली झाली की बैलाचा खूरही सोडत नाही. गावाच्या अलीकडच्या ओढ्यात गाडी दारापर्यंत रुतली. मी उतरलो. डॉक्टर नव्या बुटांमुळं आतच बसून राहिले.

कुणीतरी निरोप दिला. हवालदार पहार, मोटेचा जाड नाडा, बाभळीच्या फांद्या आणि सोबत दोघं पोरं घेऊन आले. मागून काठी टेकत आबा आले आणि काठावर बसले. तो ओढा आबांचाच म्हणायचा. त्यांच्या तरुणपणी तिथं कुणाचाही गाडा रुतला की त्यांना हाक जायची. ते चाकाला खांदा लावायचे, गाडा निघायचा. मालक वर बसलेला असायचा तो वरच बसून जायचा, मागं वळून बघायचा नाही.

हवालदारांनी पहार रोवली, नाडा बांधला, फांद्या चाकाखाली सारल्या. काठावरून आबांनी विचारलं, "मालक उतरले का रं?"

"न्हाई, आबा."

"न्हाईच उतरत," आबा म्हणाले. रागानं नाही, ऊन पडलंय म्हणावं तसं.

डॉक्टरांनी ते ऐकलं. दार उघडलं, आणि नव्या बुटांसकट चिखलात उतरले. मग आम्ही चौघा-पाचांनी नाड्याला हात घातला. गाडी निघाली तेव्हा डॉक्टर कमरेपर्यंत काळे झाले होते. शिबिरात त्या दिवशी रोग्यांनीच डॉक्टरांना पाणी ओतून दिलं.

परत आल्यावर ते घरी न जाता थेट युसुफभाईंच्या दुकानात शिरले. अंगावर तोच चिखल.

"मेहुण्याला तार करा. बिनतोफेचाच आणा!"

*

मेहुण्याला विमानतळावर अडवलं. कस्टमच्या साहेबानं विचारलं, "इसमें क्या है?" माणूस सरळ. म्हणाला, "टँक है, साब."

त्याला बाजूला बसवून सगळ्या बॅगा उघडल्या. अत्तरं निघाली, ब्लँकेटं निघाली, शेवटी डबा निघाला. साहेबानं रेझिनचे तुकडे उलटसुलट करून पाहिले.

"तोप किधर है?"

"बिनतोप का है, साब."

"फिर टँक कैसा?"

मेहुणा घरी पोचला तो वैतागूनच. "दुल्हाभाई, सारी दुनिया को तोपच होना!"

*

सेट चांगला होता, पण आमचा उन्हाळाही काही कमी नव्हता. युसुफभाईंच्या पत्र्याच्या माडीवर डबा ठेवला, तर पेटीची एक बाजू पापडासारखी वाकली. गरम पाण्यात बुडवून सरळ करायची, हे डॉक्टरांना माहीत होतं. भाभींच्या चहाच्या पातेल्यात ती सरळ केली. त्या महिन्यात युसुफभाईंकडं आम्हाला चहा मिळाला नाही.

प्लॅस्टिकचा गोंद रेझिनला धरत नाही, हे पेटी दोनदा निखळून पडल्यावर आम्हाला पटलं. मग दोन ट्यूबा कालवायचा गोंद आणला. हुक मोडका आला होता, तो मी अलार्म घड्याळाच्या स्प्रिंगचा केला. वायररोप तांब्याच्या बारीक तारा पिळून केली. रंग डॉक्टरांनी दिला, आणि खरं सांगतो, सुरेख दिला.

शेवटी हवालदारांनी खिशातून पुडी काढली. ओढ्याची माती! पाण्यात कालवून रणगाड्याच्या चाकांवरच्या पट्ट्यांना फासायला लागले.

डॉक्टर ओरडले, "अहो, पंजाबची माती काळी नसते!"

"आबाला पंजाब कुठं ठावं हाय?" हवालदार म्हणाले आणि फासत राहिले.

*

रणगाडा घेऊन आम्ही चौघं गावात गेलो. पारावर माणसं जमली. नेहमीचाच एकजण बोलला, "आली का बिनतोफेची स्वारी?" आबा सवयीनं उठायला लागले. हवालदारांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि रणगाडा मांडीवर ठेवला.

आबांनी पुढून हात फिरवायला सुरुवात केली. चाकं मोजल्यासारखी चाचपली. पट्ट्यांवरची माती बोटाला लागली, ती अंगठ्यानं चोळली. वर पेटी लागली. तोफ शोधली असेल. हात मागं गेला. पातं लागलं, मग तार लागली, तारेच्या टोकाला हुक लागला. तिथं हात थांबला. पारावर कुणी हसेना.

"म्हंजी तिथं बी लोकाचेच गाडे काढत होतास व्हय रं?"

"व्हय, आबा." हवालदारांचा आवाज मी तेवढा खाली आलेला कधी ऐकला नव्हता. "पर तिथं गाडा निघाला की आतला सायेब खाली उतरायचा. माझा हात हातात घ्यायचा."

आबांनी हुक सोडला नाही.

"चिखलाचा हात?"

"चिखलाचाच, आबा."