व्याह्यांची लाकडं

पांडेसऱ्याची आमची मिल बंद पडली तेव्हा मी फोल्डिंग खात्यात होतो. टेबलावर कापडाचे ताके उलगडायचे, डाग बघायचे, घडी घालायची. अंगावर इस्त्रीचा शर्ट असायचा. खान्देशातून सुरतेत आलेल्या आमच्या नातेवाइकांत मला सगळे 'साहेब' म्हणायचे आणि ते मला गोड वाटायचं.

त्यानंतर पन्नाशीच्या माणसाला कोणी घेईना. शेवटी पलसाण्याच्या रस्त्यावर एका वखारीत लाकडं फोडायचं काम मिळालं. नेमकं त्याच महिन्यात मुलीचं लग्न ठरलं. बायको म्हणाली, "तिना सासरले कळाले नको, बरं का." मला तिने सांगायची गरज नव्हती. मी घरून शर्ट-पँटमध्ये निघायचो आणि वखारीत जाऊन जुना बनियन चढवायचो.

काम हळूहळू अंगवळणी पडलं. निलगिरी ओली आहे तोवर फोडावी, वाळली की कुऱ्हाडीला जुमानत नाही. आंबा सरळ दुभंगतो. वेडी बाभूळ, जिला इथे गांडो बावळ म्हणतात, ती टणक, वर काट्यांची. चिंच मात्र सगळ्यांत वाईट. तिच्या शिरा एकमेकींत गुंतलेल्या असतात. कुऱ्हाड आत अडकून बसते. मग लोखंडी पाचर लावून घणाने ठोकत राहायचं.

एका दुपारी मी असाच चिंचेच्या ओंडक्याशी झटत होतो. फाटकाशी टेम्पो थांबला आणि ओळखीचा आवाज आला. मुलीचे होणारे सासरे वखारीच्या शेठशी बोलत होते. लग्न त्यांच्याकडे होतं, जेवणाचं त्यांनीच अंगावर घेतलं होतं, आणि आचाऱ्याला चुलाण्यांसाठी लाकडं हवी होती.

मी गळ्यातला पंचा तोंडावर ओढला आणि त्यांच्याकडे पाठ केली. पळून जावं तर जागा नव्हती. मागे भिंत, पुढे लाकडांची थप्पी. शेठ ओरडला, "काका, एमने बावळ फाडी आपो!"

बाभूळ फोडून द्यायची होती. मी होकाराची मान हलवली. बोललो असतो तर आवाज ओळखला असता. वेडी बाभूळ ओढून घेतली आणि फोडायला लागलो. ते माझ्यामागे उभे होते. घाव चुकत होते. एक घाव ओंडक्यावरून निसटून मातीत गेला.

"सावकाश, भाऊ," ते म्हणाले. "घाई नाही मला."

त्यांनी मला भाऊ म्हटलं. मी फोडत राहिलो. घामाने पंचा ओला होऊन नाकाला चिकटला, श्वास घेता येईना, तरी तो खाली केला नाही. टेम्पो भरून झाल्यावर ते म्हणाले, "बरं, येतो." मी पाठमोराच राहिलो.

घरी बायकोने वाढलं. जेवणावरून तसाच उठलो.

लग्नाच्या दिवशी मी नवा फेटा बांधून मांडवात हिंडत होतो. लोक नमस्कार करत होते. "साहेब, या, बसा," म्हणत होते. मांडवामागे चुलाणी पेटली होती. तिकडे जायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण अक्षता पडल्यावर पाय तिकडेच वळले. व्याही तिथे आचाऱ्याशी बोलत होते. शेजारी मी फोडलेली लाकडं रचून ठेवली होती. काही धड फुटली नव्हती. माझा घाव कुठे चुकला ते दिसत होतं.

आचारी भाजी बघायला गेला. आम्ही दोघंच उरलो. मी म्हणालो, "वखारीत त्या दिवशी... तो मीच होतो."

"माहीत आहे," ते म्हणाले. "टेम्पोतून उतरलो तेव्हाच पाहिलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तोंड फिरवलं. मी कसा बोलणार?" त्यांनी एक लाकूड चुलाण्यात सरकवलं. "दुसऱ्या वखारीतून आणली असती, पण तुम्हाला बघून परत फिरलो असतो तर तुम्हाला आणखी वाईट वाटलं असतं. म्हणून थांबलो."

म्हणजे मी पंच्याआड घुसमटत होतो तेव्हा ते सगळं जाणून माझ्यामागे उभे होते. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. उलट माझी मान आणखी खाली गेली. ते ओरडले असते, हसले असते, तरी मी त्यांच्याकडे बघू शकलो असतो.

"चला, व्याही," ते म्हणाले, "पंगत बसतेय." आणि माझा हात धरून मला मानाच्या पाटावर नेऊन बसवलं.

मुलगी सुखात आहे. मी अजून त्याच वखारीत आहे, आणि आता ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी व्याह्यांचा फोन आला की तो मी आधी बायकोच्या हातात देतो.