मालकांची न विकायची साइट

मालकांचा धंदा विकण्याचा होता, पण दारात गिऱ्हाईक दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. नारायण पेठेत एका जिन्यावरच्या दोन खोल्यांत बसून ते चालू वेबसाइट विकायचे. पिठाच्या गिरण्या, पेटीदुरुस्ती, विहिरीवरचे पंप, अशा एकेका विषयाला वाहिलेल्या. कोणीतरी हौसेनं सुरू केलेली आणि मग कंटाळून सोडलेली साइट ते नावासकट घ्यायचे, दोन-तीन वर्षं सांभाळायचे, वाचक वाढवायचे आणि पुढच्याच्या हाती द्यायचे. मी त्यांच्याकडे नऊ वर्षं काम केलं. मालक म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "मालक कसला? इंटरनेटवरचं नाव मुदतीनं मिळतं. मुदत वाढवायला विसरलात, की दुसऱ्याचं." मी ऐकून घ्यायचे आणि मालकच म्हणायचे.

गिऱ्हाइकाची ते परीक्षा घ्यायचे. एकदा वाघोलीहून आयटीतला एक जण गिरण्यांची साइट घ्यायला आला. रोज किती लोक येतात, शोधलं की कितवी दिसते, सगळं पाठ करून आला होता. मालकांनी विचारलं, "गिरणीतून दळण कधी आणलंय?"

"नाही सर. आम्ही रेडी आटा ऑर्डर करतो."

"मग आधी दळण आणा. मग बोलू."

मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. पुढच्या शनिवारी तो शर्टावर पीठ घेऊनच आला आणि गिरणीचा झिजलेला दगड टाकी लावून पुन्हा खरबरीत कधी करतात ते आपणहून सांगायला लागला. मालकांनी त्याला चहा पाजला आणि साइट दिली.

साइट सोपवताना ते सगळ्यात आधी एक गोष्ट तपासायचे. मुदत संपत आल्याची आठवण कुठल्या ईमेलवर जाते? पुष्कळ लोक त्याच साइटच्या नावावर चालणारा ईमेल देऊन ठेवतात. मुदत संपली की साइटबरोबर तो ईमेलही बंद पडतो आणि शेवटच्या सूचना पोचतच नाहीत. "किल्ली आत ठेवून दार ओढून घेताय," असं म्हणून मालक समोरच्याला तिथल्या तिथं ईमेल बदलायला लावायचे. मी हे इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

एक साइट मात्र त्यांनी कधी विकायला काढली नाही. शिलाई मशीनच्या दुरुस्तीची. ती काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सुरू केली होती. गावोगावच्या बायका प्रश्न पाठवायच्या आणि काकू विश्रांतवाडीच्या घरी स्वतःचं मशीन उघडून बघून उत्तरं लिहायच्या. काकू गेल्यावर मालक त्याच मशीनपुढे बसून शिकले. "खालून धाग्याचा गुंता होत असेल तर खाली बघत बसू नका. कापडावर टेकणारा पाय उचला आणि वरचा धागा पुन्हा ओवा," हे त्यांनी किती जणींना लिहिलं असेल कोण जाणे. त्या नावाला मागणीही फार. एकाला ते म्हणाले, "अहो, ते अजून हिच्या नावावर आहे. हिला विचारून कळवतो." तो माणूस पुन्हा आला नाही.

ते खरंच होतं. नोंद काकूंच्या नावाची, आणि आठवण जाते तो ईमेलही काकूंचा, त्याच साइटचा, त्या गेल्यापासून कोणी न उघडलेला. सगळ्यांना बदलायला लावणाऱ्या मालकांना हा एक बदलवला नाही. दर वर्षी तारीख लक्षात ठेवून ते स्वतः मुदत वाढवायचे. मला हे फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी ते घरात पडले आणि तीन महिने अंथरुणाला खिळले. ऑफिस माझ्यावर होतं. मधेच कधीतरी शिलाई मशीनची पत्रं यायची थांबली. माझ्या लक्षात आलं होतं. चला, तेवढंच काम कमी, असं मला वाटलं. तेव्हा साइट उघडून बघितली असती तरी चाललं असतं, कारण मुदत उलटल्यावरही नाव परत घ्यायला थोडे दिवस मिळतात. मी बघितली नाही.

तीन महिन्यांनी मालक काठी टेकत जिना चढून आले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "ताई, मशीनची पत्रं दाखवा." मी साइट उघडली. पांढरं पान आणि मधोमध एक ओळ, हे नाव विकणे आहे. मला काहीच वाटलं नाही. टेबलावरचे हात तसेच टेबलावर राहिले. मालक म्हणाले, "पान सुटसुटीत केलंय."

खाली चौकशीचा फॉर्म होता. "भरा," ते म्हणाले.

"किती देणार तेवढंच विचारलंय."

"खाली निरोपाला जागा आहे की. तिथं लिहा, मशीन दुरुस्त करता येतं."

मी लिहिलं. मला ते एका शब्दानंही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

उत्तर आलं नाही. मालक दिवाळीच्या आधी गेले. त्या दिवशी मी रडले नाही, अजूनही रडलेले नाही. आतून सगळं बधिर झालंय, एवढंच कळतं. काकूंचं मशीन त्यांच्या मुलीनं ऑफिसात आणून दिलं. जुन्या पत्रांवरच्या बायकांना मी दुसऱ्या ईमेलवरून उत्तरं लिहिते. आणि महिन्यातून एकदा तो चौकशीचा फॉर्म भरते. खाली तेच लिहिते, मशीन दुरुस्त करता येतं. मालकांच्या सांगण्यावरून पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ते माझ्यापुरतं खोटं होतं. आता नाही.