साधनेची सात वर्षं आणि नोकरीचा अर्ज

आश्रमात राहून आलेल्या माणसाला नोकरी लागायला वेळ लागतो. किस्से मात्र पहिल्या मुलाखतीपासूनच जमायला लागतात! आमच्याकडे इतके साठलेत, की चहाचा दुसरा कप सांगितल्याशिवाय संपत नाहीत.

अडुसष्टच्या सुमाराची गोष्ट. आमचे महाराज गेले, तापीकाठचा आश्रम बंद पडला आणि आम्ही तिघं जळगावात आलो. मी आश्रमाचं ऑफिस बघायचो, वसंता बाग सांभाळायचा आणि मालतीअक्का आजाऱ्यांची सेवा करायच्या. नोकरी लागल्याशिवाय तिघांचीही चूल पेटणार नव्हती.

•

अमळनेरच्या एका तेलगिरणीत मी मुलाखतीला गेलो. शेठ मारवाडी, माणूस भला.

"सात वर्षं काय करत होता?"

"साधना."

शेठ दचकलेच. "सात वर्षं? अरे, मग लग्न का नाही केलं तिच्याशी?"



•

दुसऱ्या ठिकाणी मी शहाणपणा केला. आश्रमाच्या वृद्ध व्यवस्थापकांचं शिफारसपत्र नेलं. तिथल्या हेडक्लार्कनं ते मोठ्यानं वाचलं : "सात वर्षांच्या सेवेनंतर या गृहस्थात आता 'मी' उरलेला नाही."

हेडक्लार्कनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग मस्टरवर सही कोण करणार?"

•

एम्प्लॉयमेंट ऑफिसच्या फॉर्मात आधीच्या वरिष्ठांचा पत्ता विचारला होता. मी खरं तेच लिहिलं : "समाधी, तापीकाठ."

कारकुनानं शांतपणे टिपून घेतलं आणि विचारलं, "चौकशीचं पत्र टाकलं तर उलटटपाली उत्तर येईल ना?"

•

वसंता रावेरला गेला. केळीच्या व्यापाऱ्याला बागेवर माणूस हवा होता. वसंताला बागेतलं सगळं येत होतं, काम हातात आल्यासारखंच होतं. शेवटी व्यापाऱ्यानं सहज विचारलं, "काम कसं करशील?"

वसंता हात जोडून म्हणाला, "फळाची अपेक्षा न ठेवता!"

व्यापाऱ्याचा चेहरा पांढराफटक! शेजारचा मुकादम म्हणाला, "भाऊ, हाऊ माणूस बठ्ठा उलटाच शे!"

काम गेलं. वसंताला आपलं काय चुकलं, ते घरी येईपर्यंत कळलं नाही.

•

मालतीअक्कांना धुळ्याच्या एका दवाखान्यात मुलाखतीला बोलावलं. वॉर्डात मदतीला बाई हवी होती. मी सोबत होतो, दाराशीच उभा राहिलो. आत दोन ट्रस्टी आणि एक डॉक्टर.

"अनुभव काय?"

"म्हातारी माणसं शेवटचे दिवस काढायला आश्रमात यायची. मी त्यांच्याजवळ बसायचे."

"औषधपाणी?"

"पाणी द्यायचे. हात धरायचे."

एका ट्रस्टीनं विचारलं, "त्यातले बरे किती झाले?"

"एकही नाही."

मी मनात म्हटलं, अक्का, थोडं सांभाळून बोलायचं ना! ट्रस्टींनी एकमेकांकडे बघितलं आणि "कळवू" म्हणाले.

आम्ही फाटकापर्यंत आलो, तोच मागून डॉक्टर जवळजवळ पळतच आले.

"अक्का, माझे वडील अंथरुणाला खिळलेत. महिना झाला, कोणाशी बोलत नाहीत. त्यांच्याजवळ बसायला आत्ता येता?"

अक्कांनी पदर सारखा केला.

"येते. पण तुम्ही त्यांच्याजवळ शेवटचे कधी बसला होता?"