शेळ्यांची वंशावळ आणि म्हातारा टॅब

धुरपदाबाई शेळ्यांना लस टोचतात. येडशीच्या आसपासच्या तीन वाड्यांत त्यांना पशुसखी म्हणतात. म्हणजे डॉक्टर येईपर्यंत जनावर जगवून ठेवणारी बाई. डॉक्टर सहसा येत नाहीत, त्यामुळे बाईंचा अनुभव दांडगा आहे.

नऊ वर्षांपूर्वी एका संस्थेनं त्यांना टॅब दिला. त्यात नोंदींचं अ‍ॅप होतं: शेळी कुणाची, कोणत्या बोकडापासून गाभण राहिली, करडं किती झाली. संस्थेला हे अहवालापुरतं हवं होतं. अहवाल छापून झाला आणि संस्थेचा त्यातला रस आटला. बाईंचा आटला नाही. बघता बघता चारशे शेळ्या, पाच-सहा पिढ्यांसकट, त्या टॅबात नांदू लागल्या. वाडीतल्या माणसांच्या वंशावळी इतक्या चोख नाहीत. शिवाय शेळ्यांत भावकीचे वाद नसतात.

टॅबनं अपडेट मागितला की बाई लगेच द्यायच्या. लस चुकवू नका, असं गावभर सांगत फिरणारी बाई स्वतःच्या टॅबला कशी चुकवणार? प्रत्येक अपडेटनंतर टॅब जरा जड व्हायचा. लस टोचल्यावर शेळीलाही दोन दिवस ताप येतोच, म्हणून बाई वाट बघायच्या. टॅबचा ताप काही उतरला नाही. दोन वर्षांत एक नोंद उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा.

मग बाई आठवडाभर सेटिंग उघडून बसल्या. टॅबसोबत आलेल्या आणि कधीच न वापरलेल्या अ‍ॅपांचे अपडेट त्यांनी एकेक करून काढून टाकले. आपोआप होणारे अपडेट बंद केले. टॅब तरणा झाला नाही, पण चालू लागला.

"अशक्त जनावराला लस टोचत न्हायत," त्या म्हणाल्या, "आदी त्याची ताकद बघत्यात." चूक कबूल करताना इतकं शास्त्र सांगणारा माणूस विरळाच.

यंदा संस्थेचा सोमेश नवा कोरा टॅब घेऊन आला. जुना जमा करायचा होता.

"मावशी, यात नवं अ‍ॅप चालत नाही. जुन्याकडं आता कुणी बघत नाही."

"माज्या शेळ्या नव्यात येत्याल?"

"येतील की. नव्यानं नोंदवायच्या."

"आन् त्यांचे आई-बाप?"

सोमेशनं अ‍ॅप वरखाली सरकवून पाहिलं. शेळीच्या फोटोला जागा होती, फोटोच्या तारखेला होती. आई-बापाला नव्हती.

तेवढ्यात वाडीतला उत्तरेश्वर माजावर आलेली शेळी ओढत आला. ही शेळी त्यानं मागच्याच महिन्यात विकत घेतली होती.

"आक्का, महारुद्राच्या बोकडाकडं चाललोय. लई देखणा हाय."

"थांब जरा. हिच्या कानातला बिल्ला बघू दे." बाईंनी बिल्ल्याचा नंबर जुन्या टॅबात टाकला. पडद्यावर चाक फिरू लागलं. सोमेशनं घड्याळ पाहिलं.

"एवढ्यात शेळी व्याली बी असती, आक्का."

"गप ऱ्हा." नोंद उघडली. "न्हाय जमायचं. त्यो बाप हाय तिचा."

उत्तरेश्वर शेळीकडं बघत राहिला. "इकणारा काय बोलला न्हाय."

"शेळी बी बोलली न्हाय. उमाशंकरच्या बोकडाकडं ने, त्येचं नातं लागत न्हाय. बापाकडं नेली असतीस तर करडं वाळकी निपजली असती, आन् तू नावं ठिवली असतीस चाऱ्याला."

शेळी उलट्या दिशेनं निघाली. सोमेशनं ऑफिसला फोन लावला, आई-बापाच्या रकान्याची गोष्ट काढली, बराच वेळ "हो सर" म्हणाला आणि फोन ठेवला. मग त्यानं जमा करण्याचा फॉर्म काढला. त्यात 'जमा न करण्याचे कारण' अशी एक ओळ होती. सोमेशच्या चार वर्षांच्या नोकरीत तिथं कुणीच काही लिहिलं नव्हतं. त्यानं लिहिलं: वापरात आहे.

नवा टॅब पिशवीत टाकून तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"मावशी, ते अपडेट कुठनं काढायचे, दाखवता का? आमच्याकडं अकरा टॅब मेले म्हणून कपाटात पडलेत."

"कुनी सांगितलं मेले म्हनून?" बाईंनी चष्मा पुसला. "सोमवारी आना समदे. येकेकाला बघाय येळ लागंल."