रुखसानाच्या बोटावरचं मशीन

निहार, अन्वी,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमची आई बाळाला घेऊन आत गेली आणि अन्वी, तू हळूच विचारलंस, "आजी, आई सारखी घड्याळात स्वतःचे ठोके बघते. ती मरणार आहे का?" मी "नाही गं वेडे" म्हणून विषय बदलला. ते उत्तर नव्हतं. म्हणून आता नीट लिहिते आहे. हे तुमच्या आईला आधी वाचून दाखवलं आहे. तिची हरकत नाही.

रिटायर होण्याच्या आदल्या वर्षी मी गेवराईजवळच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. तिथे हायवेला लागून अझहर नावाच्या मेकॅनिकचं गॅरेज होतं. मागच्या पत्र्याच्या खोलीत तो, त्याची आई आणि बायको रुखसाना राहत. रुखसाना तेवीस वर्षांची, पहिलटकरीण. मुलगी वीस दिवसांची असताना एका सकाळी आशाताईंचा फोन आला. आशाताई म्हणजे घरोघर फिरून बाळंतिणींची चौकशी करणाऱ्या बाई.

"सिस्टर, लवकर या. रुखसाना काही खरी नाही."

मी पोचले तेव्हा ती बाजेवर छाती धरून धापा टाकत होती. हाताची बोटं आखडून चोचीसारखी झाली होती. सासू, ज्यांना सगळे अम्मा म्हणत, मला म्हणाल्या, "बाई, चांगली भाकर खात होती. एकदम म्हणली, अम्मा, मी मरायले. कावून असं झालं कळंना."

नाडी एकशे तीस. बीपी ठीक. ताप नाही, पायाला सूज नाही. तरी मी ॲम्ब्युलन्स बोलावली. बीडला ईसीजी, हृदयाची सोनोग्राफी, रक्त, थायरॉईड सगळं झालं. सगळं नॉर्मल आलं.

"पॅनिक अटॅक," आमचे डॉक्टर म्हणाले. ते तरुण होते, तुमच्या मामाच्या वयाचे.

पॅनिक अटॅक म्हणजे धोका नसताना शरीर धोका आल्यासारखं वागतं. छाती धडधडते. श्वास भराभर घेतला जातो, त्याने मुंग्या येतात, बोटं आखडतात. ते बघून माणूस आणखी घाबरतो. थोड्या वेळाने ओसरतं. त्याने जीव जात नाही. पण ज्याला होतं त्याला जीव जातोय असंच वाटतं, आणि ते नाटक नसतं.

अटॅक येत राहिले. रुखसानाने मुलीला मांडीवर घेणं सोडलं. मुलीला अंथरुणावर ठेवून, शेजारी आडवी होऊन पाजायची, तेही अम्मा जवळ असल्या तरच.

"मी मेले तर हिच्या अंगावर पडंल सिस्टर. दबून जाईल लेकरू."

आता माझी चूक. नोकरीच्या सुरुवातीला पाटोद्याकडच्या एका गावात मला एक बाळंतीण म्हणाली होती, "धाप लागती." मी म्हटलं, अशक्तपणा आहे, आराम कर. तिचं हृदय बाळंतपणात खरंच कमजोर झालं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिचं नाव लिहीत नाही, पण विसरलेही नाही.

त्यामुळे रुखसानाचे रिपोर्ट नॉर्मल असूनही माझं मन मानेना. मी तिला माझ्याकडचं ऑक्सिमीटर दिलं. चिमट्यासारखं बोटाला लावायचं छोटं मशीन, ऑक्सिजन आणि ठोके दाखवतं. सोबत एक वही. रकाने मी स्वतः पट्टीने आखले. वेळ, ऑक्सिजन, ठोके.

"भीती वाटली की लाव. पंच्याण्णवच्या वर असलं की घाबरायचं नाही."

आपण फार शहाणपणाचं काम केलं असं मला वाटलं.

बाळंतपणाच्या चाळिसाव्या दिवशी रिपेअरीला आलेल्या गिऱ्हाइकाच्या जीपमधून अझहर तिला दवाखान्यात घेऊन आला. मागे अम्मा, मुलीला घेऊन.

"मशीनवर एक्क्याऐंशी दाखवायलंय, डॉक्टर! शंभराला एकोणीस कमी!" अझहर म्हणाला.

डॉक्टरांनी रुखसानाचे हात हातात घेतले. चाळिसाव्याच्या न्हाणासाठी नणंदेने मेंदी काढली होती. बोटांची टोकं नखांसकट काळ्या मेंदीने भरलेली. डॉक्टरांनी मशीन काढून पायाच्या अंगठ्याला लावलं. अठ्ठ्याण्णव.

"मेंदीतून उजेड नीट जात नाही. आकडा चुकतो. हे हिला कुणी दिलं?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी वही उघडली. एका दिवसात त्रेसष्ट नोंदी होत्या. माझे रकाने संपल्यावर तिने पट्टी घेऊन नवे आखले होते, माझ्यापेक्षा सरळ.

"सिस्टर, हे हिला बरं वाटावं म्हणून दिलंत, की तुम्हाला?"

आकडा बघितला की तिला दोन मिनिटं बरं वाटे. मग भीती पुन्हा विचारी, आणि आता? पुन्हा बोट मशीनमध्ये. मी तिला भीतीला उत्तर देत राहायची सवय लावली होती.

अम्मा म्हणाल्या, "बास झालं आता. शुक्रवारी माझी लेक पोरीला पाटोद्याला नेईल. तिचं बी लेकरू अंगावर पितंय, दोघांला पाजंल."

रुखसाना भांडेल असं मला वाटलं. ती खाली बघून म्हणाली, "न्या. माझ्यापाशी ठिवू नका."

शुक्रवारला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. बाळाला पाजताना चालतील अशा गोळ्या दिल्या. पण गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर काय करायचं ते त्यांनी सांगितलं. मशीन बंद. अटॅक आला तर आकडा बघायचा नाही, मुलीला खाली ठेवायचं नाही. सोबत मी बसायचं.

बुधवारी दुपारी मी मुलीला तिच्या मांडीवर दिलं. बाहेरून वाळूचे टिप्पर जात होते, पत्रे थरथरत होते. थोड्याच वेळात तिचे ओठ कोरडे पडले.

"आलं, सिस्टर. मशीन द्या."

"नाही."

"मग पोरीला घ्या. पडंल!"

"धर तिला. खाली माझा हात आहे."

तिची बोटं आखडू लागली. ती मनगटांनी मुलीला आवळून बसली. माझ्या डोळ्यांपुढे पाटोद्याकडची ती बाई. रिपोर्ट जुने झाले असतील तर? या वेळी खरंच हृदय असेल तर? मशीन माझ्या पर्समध्ये होतं. मोकळ्या हाताने मी पर्सची चेन निम्मी उघडलीसुद्धा.

तेवढ्यात मुलगी रडायला लागली.

"श्वास सोड," मी म्हणाले. "घेऊ नकोस, सोड. फुंकणी फुंकतो तसा, लांब." मीही तिच्याबरोबर सोडत राहिले. मुलगी तोंडाने शोधू लागली. रुखसानाने कोपराने पदर सरकवला. किती वेळ गेला ते मी मुद्दाम बघितलं नाही. मग तिची बोटं एकेक करून सुटली.

"गेलं?"

"गेलं."

"मशीन न बघता कसं कळलं?"

"तूच सांग."

ती मुलीकडे बघत राहिली. "पितीय," ती म्हणाली.

शुक्रवारी नणंद रिकामी पिशवी घेऊन मुलीचे कपडे न्यायला आली. तासाभरापूर्वीच रुखसानाला अटॅक येऊन गेला होता. मुलगी तिच्या कडेवर होती.

"आपा, चहा घ्या. लेकरू इथंच ऱ्हाईल."

"आन उद्या परत आलं मंग?" अम्मांनी विचारलं.

"आलं तर आलं. पाव्हणं हाय, जाईल."

चहा अम्मांनीच ठेवला.

नोकरीत एवढी वर्षं काढून मी एक गोष्ट शिकले, आणि तीही उशिरा. आपल्या भीतीचं औषध पेशंटला देऊ नये.

अन्वी, तुझ्या आईलाही असेच पॅनिक अटॅक येतात. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या आहेत आणि ती तिकडच्या डॉक्टरांकडे जाते आहे. ती मरणार नाही. तुम्ही तिचं घड्याळ लपवू नका, ते ती स्वतः काढेल. ती घाबरली की जवळ बसा. ठोके किती ते विचारू नका.

रुखसानाची मुलगी आता बालवाडीत जाते. मशीन माझ्या कपाटात आहे, सेल काढून ठेवलेलं. भीती रुखसानाकडे अजून अधूनमधून येते. माझ्याकडेही येते.